कुपीतली माती

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात एक चपटी डबी आहे. डबीत टिपकागदाची घडी, आणि घडीत काचेचे पापुद्रे. कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून पातळ. घडी उघडताना श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर ते उडून जातील. खिडकीपाशी नेले की त्यांच्यावर जांभळा रंग चमकतो, मग हिरवा, आणि मान जरा कलती केली की सोनेरी. धूपछाव पैठणीचा पदर हलावा तसं. ज्या कुपीचे हे पापुद्रे आहेत ती अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची. इतकी वर्षं ते तिच्या अंगावर होते. उतरले ते माझ्या हातांनी.

२०१४ च्या फेब्रुवारीतला शनिवार होता. जर्मनीत, कोलोनला येऊन मला तीन वर्षं झाली होती. त्या सकाळी जुन्या शहरातल्या एका दुकानातून मी १८० युरो देऊन रोमन काचेची कुपी विकत घेतली होती. इतक्या पैशांत इथे बऱ्यापैकी बूट येतात. घरी आल्यावर ती टेबलावर ठेवली तर सरळ उभी राहीना, डावीकडे कलली. उंची वीतभराहून कमी. बूड समईच्या बैठकीसारखं पसरट, त्यावर लांब सडपातळ मान आणि आतल्या बाजूला दुमडलेला ओठ. रंग झऱ्याच्या पाण्यासारखा, हिरवा म्हणावा तर निळा. बाहेरून अर्ध्या अंगावर ती झळाळी होती आणि आत, तळाशी, करड्या मातीचा गोळा चिकटलेला होता.

मी ती धुतली. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकला, कुपी बुडवली, हलवली, कानात घालायच्या कापसाच्या काडीने आतून फिरवलं. माती विरघळत बाहेर आली, गढूळ धार बेसिनच्या जाळीतून खाली गेली. मला कोण आनंद झाला होता! मग पाणी निवळलं आणि दिसलं की पृष्ठभागावर रंगीत खवले तरंगतायत, माशाचे असावेत तसे. कुपी वर काढली. जिथे मोरपिसं होती तिथे नुसती पाणेरी काच. जे खवले हाताला लागले ते चहाच्या गाळणीत धरले आणि टिपकागदावर पसरले. तेच आज डबीत आहेत.

हे रंग कुणी लावलेले नसतात, हे मला पुढे कळलं. काच ओल्या मातीत पडून राहिली की तिच्यातला सोडा ओलाव्याबरोबर हळूहळू झिरपून जातो. मागे सिलिकाचे अतिपातळ थर उरतात, एकावर एक. त्या थरांवरून उजेड परततो तेव्हा साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग दिसतात. म्हणजे ही झळाळी हा काचेचा गंजच आहे. बाजार या गंजालाच जास्त पैसे मोजतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत टिफनीने मुद्दाम तशी झळाळणारी काच बनवली, तीही या जुन्या काचेकडे बघूनच. मला मात्र त्या दिवसापासून खालची पाणेरी काच जास्त जवळची वाटते. भट्टीतून निघाली त्या दिवशी ती अशीच दिसत असणार.

कोलोनला राहून माणूस काचेच्या नादी लागला तर नवल नाही. हे रोमनांनी वसवलेलं शहर, आणि तिसऱ्या-चौथ्या शतकात इथल्या काचकारागिरांचा हात धरणारे थोडेच असतील. कुपीच्या अंगावर काचेचाच तापलेला धागा सापासारखा वळवत नेण्याची त्यांची नक्षी एकदा बघितली की कुठेही ओळखू येते. रोमन-जर्मन संग्रहालयात अशा काचेची कपाटंच्या कपाटं आहेत. तिथला एक पेला १९६० साली शहराच्या ब्राउन्सफेल्ड भागात एका कबरीत सापडला. पेल्याभोवती हिरव्या, पिवळ्या, तांबड्या काचेची जाळी आहे आणि ती जोडलेली नाही. जाड काच आतून पोखरत पोखरत कोरून काढलेली आहे. वर ग्रीक अक्षरं आहेत: पी, आणि सदैव सुखाने जग. त्या पेल्यासमोर मी कितीतरी रविवार घालवलेत. तरी मन ओढ घ्यायचं ते बाजूच्या कपाटाकडे, जिथे साध्या कुप्या ओळीने मांडलेल्या असत.

त्याला एक घरगुती कारण आहे. आम्हा भावंडांना ताप आला की बाबा कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायचे. वाईच्या घरातल्या फडताळात ती बाटली असायची, आजारपणाखेरीज कुणी तिला हात लावायचा नाही. कोलन म्हणजे कोलोन, आणि कोलनवॉटर म्हणजे या गावचं पाणी, हे मला इथे उतरल्यावर लक्षात आलं. फारिना नावाच्या इटालियन घराण्याने १७०९ मध्ये इथे दुकान थाटलं, आणि त्यातल्या योहान मारिया फारिनाने आपल्या सुगंधी पाण्याला या गावाचं नाव दिलं. फारिनाच्या आधी सोळाशे वर्षंही हे गाव सुगंध कुपीतच ठेवत होतं. बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग एखादी कुपी घेऊन ठेव की." मी घेतली ती त्यांच्या या वाक्यावर.

जुनी पुस्तकं या कुप्यांना अश्रुपात्रं म्हणतात. मेलेल्या माणसासाठी रडणारे लोक त्यांत आसवं साठवत, अशी एकोणिसाव्या शतकातल्या लोकांची समजूत होती. अजूनही काही विक्रेते ती गोष्ट रंगवून सांगतात. खरं तर त्यांत असायचं तेल, उटणं, अत्तर. न्हाणीघरात, देवळात, लग्नात आणि तिरडीवर लागणारं.

आणि त्या स्वस्त होत्या. त्या स्वस्त का झाल्या, हीच मला या सगळ्या विषयातली सगळ्यात थोर गोष्ट वाटते.

काच फुंकण्याची युक्ती सापडण्यापूर्वीही हजाराहून जास्त वर्षं काचेच्या कुप्या होत होत्या. मातीचा गाभा करायचा, त्यावर तापलेल्या काचेची तार गुंडाळत न्यायची, थंड झाल्यावर गाभा खरवडून काढायचा. एका कुपीला अख्खा दिवस गेला तरी चालेल अशांचाच तो धंदा, आणि गिऱ्हाइकंही तशीच. मग इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या मध्याला, सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनारपट्टीलगत कुणाला तरी ते सुचलं. १९७० च्या दशकात नाहमान अविगाद यांनी जेरुसलेमच्या जुन्या शहरात उत्खनन केलं तेव्हा एका जुन्या स्नानकुंडात काचकामाचा कचरा भरलेला सापडला. त्यात काचेच्याच अरुंद नळ्या होत्या, आणि काहींचं एक टोक फुंकून फुग्यासारखं फुगवलेलं होतं. लोखंडी नळी अजून हाती आलेली नव्हती. काचेच्याच नळीतून काचेत फुंकून कुणीतरी बघत होतं, काय होतं ते. त्या कचऱ्याचा फोटो मी प्रथम पाहिला तेव्हा बराच वेळ पान उलटलं नाही. एवढा मोठा शोध, आणि त्याचा पुरावा फेकून दिलेल्या रद्दीत.

पुढे लोखंडी फुंकणी आली. दुसरा शब्द मला सुचत नाही आणि नकोही आहे. आजीच्या चुलीपाशी असायची तीच वस्तू, फक्त लांब. फ्रान्सच्या हद्दीजवळ बोर्ग या गावी रोमन हवेली तिच्या पायावर पुन्हा उभारली आहे. तिथे मातीची, लाकडावर पेटणारी भट्टी बांधून रोमन रीतीने काच फुंकून बघतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मी तिथे दिवसभर उभा होतो. कारागीर भट्टीच्या तोंडातून फुंकणीच्या टोकावर मधासारखा गोळा उचलतो, दगडी फरशीवर लोळवतो, एक फुंक मारतो, फुंकणी खाली झुलवतो आणि गोळ्याला मान फुटते. चिमट्याने मान आवळायची, टोक ओल्या लोखंडाने स्पर्शून टकटक केलं की कुपी सुटते. ओठ पुन्हा भट्टीत धरून दुमडायचा. झाली कुपी. माझ्या घड्याळात चार मिनिटंसुद्धा भरली नाहीत.

मलाही त्याने एकदा फुंकू दिलं. गाल फुगवून जोर केला, काही होईना. दगडात फुंकतोय असं वाटलं. तो म्हणाला, गालाने नाही, पोटातून. पुन्हा केलं. काच एकदम सैल पडली आणि नुसता सोडलेला श्वासही तिला पुरला. फुगा इतका पातळ झाला की फरशीवर टेकताच चुरा. रोमन काचेविषयी लिहिणारे म्हणतात, या कुप्यांत कारागिराचा श्वास अडकलेला असतो. मला ते पटत नाही. श्वास तोंडावाटे तेव्हाच निघून जातो. भिंतीत जे बुडबुडे दिसतात ते भट्टीतल्या वितळलेल्या काचेतले. पण त्या बुडबुड्यांकडे भिंगातून बघा: माझ्या कुपीच्या मानेत ते गोल नाहीत, तांदळाच्या दाण्यासारखे लांबट आहेत आणि सगळे किंचित तिरके. फुंकणी झुलवताना मान ताणली गेली आणि हाताने थोडा पीळ दिला, तो तिथे जसाच्या तसा आहे.

कच्चा मालही तसा साधाच. समुद्रकाठची वाळू आणि नॅट्रॉन, म्हणजे इजिप्तच्या खारट तळ्यांतला सोडा. आपल्या पापडखाराचा भाऊबंद. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने काचेच्या जन्माची एक कथा दिली आहे. नॅट्रॉन घेऊन चाललेले व्यापारी बेलुस नदीच्या मुखाशी, आजच्या अक्कोजवळ, किनाऱ्यावर उतरले. चूल मांडायला तीन दगड मिळेनात, म्हणून त्यांनी नॅट्रॉनचीच ढेकळं लावली. विस्तवाने ती वाळूत वितळली आणि काच वाहू लागली. चुलीच्या जाळाने काच वितळत नाही, त्याला हजार अंशांच्या वरची भट्टी लागते. पण त्या नदीची वाळू काचेला खरंच उत्तम होती. तिच्यात शिंपल्यांचा चुरा, म्हणजे चुना, आपोआप मिसळलेला. आणि थोडंसं लोह, ज्यामुळे माझी कुपी झऱ्याच्या पाण्यासारखी दिसते.

मोठ्या भट्ट्यांत काच बनायची, तिची ढेकळं फोडून जहाजांतून दूरच्या कारागिरांकडे जायची. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी वाटाड्यात बॅरिगाझाला, म्हणजे भरूचला, उतरणाऱ्या मालात कच्ची काच आहे. त्याच पानांवर पैठण आणि तेर आहेत: पैठण भरूचहून वीस दिवसांच्या वाटेवर, तेर तिथून पुढे दहा दिवस, आणि तिथला माल गाड्यांमधून आडवाटांनी बंदरावर यायचा. घाट उतरणाऱ्या त्या गाड्या आणि धक्क्यावर उतरलेली ती हिरवट ढेकळं एकाच बाजारात येत होती, एवढं वाचूनच मला कोलोनमध्ये बसल्या जागी घरी गेल्यासारखं झालं होतं.

तर काच स्वस्त झाली. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार लिहितो की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो. स्वस्त वस्तू माणसं बेफिकिरीने वापरतात. ती फुटते. आणि रोमन लोक फुटकी काचही टाकत नव्हते. मार्शल या कवीच्या एका कवितेत टायबर नदीपलीकडचा फेरीवाला येतो, जो फुटक्या काचेच्या बदल्यात पिवळ्या गंधकाचा माल देतो. हे वाचताना आमच्या आळीत येणारी बोहारीण डोळ्यांपुढे उभी राहिली: जुन्या साड्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं, आणि आईशी अर्धा तास घासाघीस. इटलीच्या उत्तरेला ग्रादो गावाजवळ समुद्रात बुडालेलं एक रोमन जहाज सापडलं, अभ्यासक त्याला 'युलिया फेलिक्स' म्हणतात. त्यातल्या एका लाकडी पिंपात फुटक्या काचेचे अकरा हजारांवर तुकडे होते, सुमारे १४० किलो. वितळवायला निघालेले पेले, बाटल्या, वाट्या.

हे वाचलं आणि मला माझ्याच संग्रहाचा अर्थ लागला. तोवर माझ्याकडे दोन कुप्या झाल्या होत्या. जी काच जगली, वापरली गेली, ती फुटली आणि वितळून दुसऱ्या काचेत गेली. मग माझ्या टेबलावर जे अख्खं उभं आहे ते अख्खं कसं राहिलं? पाँपेईसारखी राखेखाली गेलेली गावं सोडली तर उत्तर बहुतेक एकच असतं. ते कुणाबरोबर तरी पुरलेलं होतं. कोलोनच्या वेशीबाहेर, आज जिथे आखनर श्ट्रास आणि लुक्सेमबुर्गर श्ट्रासवरून ट्राम धावतात, त्या रस्त्यांच्या दुतर्फा रोमनांची कबरस्तानं होती. संग्रहालयातल्या कितीतरी कुप्या तिथल्या. आधीच्या काळात दहन करत आणि अस्थी काचेच्या पात्रात ठेवत. पुढे देह पुरू लागले. दोन्हींत उशाशी, पायाशी कुपी असे. काही कुप्या चितेच्या आगीत अर्ध्या वितळून वाकलेल्या मिळतात.

म्हणजे मी काच जमवतोय असं मला वाटत होतं. मी जमवत होतो ती मृतांना दिलेली भांडी.

२०१९ च्या पावसाळ्यात बाबा गेले. मी विमानाने पोचेपर्यंत त्यांना ठेवलं होतं. कृष्णेकाठी गुरुजींनी खांद्यावर पाण्याचं मडकं दिलं. चितेभोवती एक फेरी झाली की मागून काका अश्म्याने मडक्याला भोक पाडायचे, धार पाठीवरून ओघळायची. अशा तीन फेऱ्या. तिसरीनंतर मागे न बघता मडकं खांद्यावरून सोडून द्यायचं. ते फुटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या आवाजाबरोबरच मला, त्या वेळीसुद्धा, माझ्या टेबलावरची कुपी आठवली आणि स्वतःची लाज वाटली. पण आठवली हे खरं. आपण माणसामागे भांडं फोडतो, ते परत कुणाच्या उपयोगी पडू नये असं. रोमनांनीही तेच केलं होतं, अख्खं ठेवून. ते पुन्हा कुणाच्या हाती लागायचं नव्हतं.

त्याच वर्षी स्पेनमधल्या कार्मोना गावात एका घराच्या दुरुस्तीत जमिनीखाली रोमन कुटुंबाची समाधी लागली, पहिल्या शतकातली, न उघडलेली. तिच्यातल्या एका काचेच्या रक्षापात्रात एका स्त्रीच्या अस्थी होत्या आणि त्यांच्यावर एक छोटी कुपी. ही मात्र स्फटिकाची, डांबराने तोंड बंद केलेली. कोर्दोबा विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी आतला वाळलेला गोळा तपासला आणि २०२३ मध्ये जाहीर केलं की तो पचौलीचा गंध होता, वनस्पतीच्या तेलात उतरवलेला. पचौली म्हणजे आपल्या पाचेच्या कुळातली. मरव्याबरोबर वेणीत गुंफतात ती पाच. पूर्वेकडचं ते पान स्पेनमधल्या एका बाईच्या अस्थींपर्यंत पोचलं होतं. दुसऱ्या एका काचेच्या रक्षापात्रात पुरुषाच्या अस्थी जवळजवळ पाच लिटर तांबूस द्रवात बुडालेल्या होत्या. ती दारू निघाली, दोन हजार वर्षांची, अजून द्रव असलेली.

ती बातमी मी रात्री वाचली आणि उठून बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो. माझ्या कुपीतला तो करडा गोळा काय होता? नुसती कबरीची माती असेल. तिच्यात तेलाचा अंश असेल, कुठल्या झाडाचा, फुलाचा. एका चिमटीवरून हे सांगणारी माणसं जगात आहेत. मी तो साबण लावून जाळीतून सोडून दिला होता.

आणि कबर कुठली, हे तर मुळातच कुणी सांगत नव्हतं. संग्रहालयातल्या कुपीखाली रस्त्याचं नाव असतं, सापडल्याचं साल असतं, तिच्यासोबत काय काय होतं ते असतं. माझ्या कुपीच्या पावतीवर 'पूर्व भूमध्य प्रदेश, पहिलं ते तिसरं शतक' एवढंच. रोमन काच जमवणारे आम्ही लोक आकारावरून वस्तू ओळखतो. क्लासिना इसिंग्ज या डच विदुषीने १९५७ मध्ये, काळ नक्की माहीत असलेल्या उत्खननांवरून, आकारांची क्रमांकवारी लावून दिली. अजून सगळे तीच वापरतात. माझी कलती कुपी त्या यादीत ८२ व्या क्रमांकाची, दुसरी, बोटभर नळीसारखी, ८ व्या. ८२ म्हटलं की जगभर कुणालाही आकार कळतो. पण ती यादी उभी राहिली ती कबरीची नोंद असलेल्या काचेवर. माझ्यासारख्यांच्या काचेवरून तिच्यातली एक ओळसुद्धा लिहिता आली नसती.

तिसरी वस्तू, ओठ दुमडलेली एक वाटी, मी २०१७ मध्ये घेतली. विक्रेत्याने कागद दिला: १९७० च्या आधीच्या जुन्या खासगी संग्रहातून, संग्राहकाची आद्याक्षरं अमुक. १९७० हे साल महत्त्वाचं, कारण चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार त्या वर्षीचा. मला समाधान वाटलं. वर्षभराने दुसऱ्या एका विक्रीच्या पुस्तिकेत अगदी वेगळ्या प्रकारच्या वस्तूंखाली तीच आद्याक्षरं, तेच वाक्य, तीच चुकलेली विरामचिन्हं. मी पत्र लिहिलं, फोन केला, दुकानात गेलो. संग्राहक कोण, याचं उत्तर मिळालं नाही. तेव्हा सीरियातलं युद्ध चालू होतं. अपामिया या प्राचीन शहराचे उपग्रहातून घेतलेले फोटो मी पाहिले होते: २०११ मध्ये सपाट जमीन, वर्षभरात तिच्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डेच खड्डे. २०१५ मध्ये सुरक्षा परिषदेने सीरियातून नेलेल्या पुरावस्तूंच्या व्यापारावर बंदी घातली, २०१६ मध्ये जर्मनीनेही कायदा कडक केला. माझी वाटी तिथलीच असेल असं मी म्हणत नाही. नाही असं म्हणायला माझ्याकडे काही नाही, एवढंच. त्या खड्ड्यांतला एखादा खड्डा माझ्या पैशांनी खणला गेला असेल, हे मला स्वतःशी कबूल करावं लागलं. त्यानंतर मी काही घेतलं नाही.

वाटी विकायची नाही, हेही ठरलं. विकली की तो खोटा कागद तिच्याबरोबर पुढे जाणार. ओळखीच्या एक पुरातत्त्वज्ञ बाई म्हणाल्या, तुमच्याकडेच राहू द्या, आणि जे माहीत आहे ते सगळं लिहून ठेवा. चुकलं तेही लिहा.

एन्निऑन नावाचा एक कारागीर होता, पहिल्या शतकातला, बहुधा सिदोनचा. तो साच्यात फुंकून इतके रेखीव पेले काढायचा की आजही त्याचं काम हजारांत ओळखू येतं. पेल्याच्या अंगावर तो आपलं नाव घाली, आणि काहींवर दुसरी एक ओळ: विकत घेणाऱ्याची आठवण राहो. पूर्वी ती ओळ वाचताना मला ती माझ्यासाठी लिहिली आहे असं वाटायचं. आता वाटतं, ज्याने ती पहिल्यांदा घेतली, बाजारात उभं राहून, घरी नेण्यासाठी, त्याच्यापुरतीच ती आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई आली होती. संग्रहालयाची मूळ इमारत दुरुस्तीसाठी कधीची बंद आहे, वस्तू नॉयमार्क्टजवळच्या बेल्जियन हाउसमध्ये मांडल्या आहेत. आईला जाळीच्या पेल्याचं फारसं काही वाटलं नाही. कुप्यांपाशी मात्र थबकली. "अत्तराच्या रे," म्हणाली, मी काही सांगायच्या आत. एका कबरीतल्या वस्तू एकत्र ठेवल्या होत्या, तिथे ती बाक ओढून बसली. कोण होती ही, विचारलं. बाई की पुरुष, लहान की मोठं. मी पाटी वाचून दाखवली.

घरी आल्यावर म्हणाली, तुझी दाखव. मी कलती कुपी तिच्या हातावर ठेवली. तिने ती पदराने पुसली नाही, नुसती धरली, मानेत डोळा लावून आत बघितलं.

"आत काय होतं?"

"माती होती थोडी."

"कुठाय?"

"धुतली मी. घेतली त्याच दिवशी."

ती बराच वेळ काही बोलली नाही. वाईकडे कुणाच्या अंत्यविधीला जायचं असलं की म्हणतात, मातीला जाऊन येतो. मी लहानपणापासून ऐकत आलेला शब्द, पण या कुपीशी तो कधी जोडला नव्हता.

"अरे, मग ती कुणाची तरी मातीच होती की," आई म्हणाली, आणि कुपी माझ्या हातात परत दिली.

आई परत गेल्यावर मी जाड कागदाची तीन कार्डं कापली. पहिल्यावर लिहिलं: कुपी, इसिंग्ज ८२. उंची, रंग, ओठाची घडण. कोलोनमध्ये विकत घेतली, फेब्रुवारी २०१४, १८० युरो. सापडल्याची जागा नोंदलेली नाही. मानेत तिरके बुडबुडे. बाहेरचे थर सुटलेले, वेगळे ठेवले आहेत, टेबलाचा वरचा खण. मग थोडा वेळ पेन तसंच धरून बसलो आणि शेवटची ओळ लिहिली: आत माती होती. ती मी धुतली.